पुढच्या शॉकअपमधलं ऑइल: किती म्हणजे नक्की किती?

गेल्या अंकात मोटारसायकलच्या पुढच्या शॉकअपचं ऑइल घरी कसं बदलायचं ते लिहिताना मी एक वाक्य लिहून मोकळी झाले होते: ‘आणि मॅन्युअलमध्ये दिलेलं माप भरावं.’ त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच द्यावं लागतंय. चूक माझीच. बावीस वर्षं भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मुलांच्या हातात मोजपात्रं ठेवणाऱ्या बाईने ‘माप भरावं’ एवढंच लिहून पुढे सटकावं, हे काही शोभलं नाही.

“ताई, माझ्याकडे मोजपात्र नव्हतं, पण ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा वजनकाटा आहे. मॅन्युअलमध्ये प्रत्येक शॉकअपला ३१० मिलि लिहिलंय. मी दोन्हीकडे ३१० ग्रॅम तोलून भरलं, अगदी शेवटचा थेंब मोजून. आता गाडी पुढून सुरुवातीला छान दबते आणि मग एकदम भिंतीला लागल्यासारखी अडते. दोन आठवड्यांत उजव्या सीलमधून ऑइल पाझरायला लागलंय. आतला पाईप बाहेरून ३७ मिमी आहे. दोन्हीकडे सारखंच भरलं, मग चुकलं कुठे? परत सगळं खोलावं लागेल का?”

चुकलं ते काट्यासमोर. मिलिलिटर लिहिलं होतं तिथे तुम्ही ग्रॅम वाचलंत. ही खोड पाण्याने लावलेली: एक मिलिलिटर पाणी एक ग्रॅम भरतं, म्हणून सगळंच तसं भरेल असं वाटत राहतं. तेल पाण्यावर तरंगतं हे शाळेपासून ठाऊक असूनही. फोर्क ऑइलची, म्हणजे पुढच्या शॉकअपच्या ऑइलची, घनता साधारण ०.८५ ते ०.८८ असते. ०.८६ धरली तर तुमचे ३१० ग्रॅम म्हणजे ३६० मिलिलिटर झाले. एकेका शॉकअपमध्ये ५० मिलि जास्त.

या पन्नास मिलिचं आत काय होतं ते जरा सविस्तर सांगते, कारण बाकीच्या बऱ्याच पत्रांची उत्तरं त्यातूनच निघतात.

शॉकअप काठोकाठ भरलेला नसतो. ऑइलच्या वर हवा कोंडलेली असते. शॉकअप दबला की तिला पळायला वाट नसते, ती आकसते आणि उलट ढकलते. म्हणजे प्रत्येक शॉकअपमध्ये दोन स्प्रिंगा आहेत, एक पोलादी आणि एक हवेची. साधी पोलादी स्प्रिंग दर सेंटीमीटरला सारखाच जोर वाढवत जाते. हवेची स्प्रिंग आधी जाणवतसुद्धा नाही आणि शेवटच्या काही सेंटीमीटरमध्ये एकदम अंगावर येते. ऑइल काही दाबलं जात नाही, तेव्हा जितकं ऑइल जास्त तितकी हवेची खोली लहान. मॅन्युअल लिहिणाऱ्याने ३१० चा आकडा देताना खरं तर ती खोली किती मोठी ठेवायची ते ठरवलेलं असतं.

हिशेबच करू. पाईपचा आतला व्यास ३३ मिमी, शॉकअपची चाल १३० मिमी, स्प्रिंग ३५० ग्रॅमची, आणि स्प्रिंग काढून शॉकअप पूर्ण दाबल्यावर ऑइल पाईपच्या कडेपासून १५० मिमी खाली असायला हवं असं धरते. तुमचे आकडे थोडे इकडेतिकडे असतील, पण हिशेबाची रीत हीच. ३३ मिमी नळीचं क्षेत्रफळ ८.५५ चौरस सेंटीमीटर, म्हणून पंधरा सेंटीमीटर रिकाम्या नळीत १२८ मिलि हवा. स्प्रिंग आत गेली की तिचं पोलाद त्यातली ४५ मिलि जागा खातं, उरली ८३. पाईप पूर्ण बाहेर येतो तेव्हा, त्याच्या ३७ मिमी बाहेरच्या व्यासाच्या हिशेबाने, आणखी १४० मिलि जागा मोकळी होते, एकूण २२३. म्हणजे शॉकअप पूर्ण दबताना २२३ मिलि हवा ८३ मध्ये बसवली जाते. दाब २.७ पट होतो आणि हवा सुमारे १९ किलोच्या जोराने उलट ढकलते. हे झालं बरोबर भरलेलं असताना.

तुमच्याकडे १७३ मिलि हवा ३३ मध्ये बसवली जाते. दाब ५.२ पट, जोर जवळजवळ ४७ किलो, आणि तोही एका शॉकअपचा. शिवाय हा हिशेब सावकाश दाबल्याचा आहे. खड्ड्यात दणका बसतो तेव्हा हवा तापते आणि जोर आणखी चढतो. तुम्हाला लागणारी ‘भिंत’ ती हीच, आणि सील पाझरतंय तेही या दाबापायीच.

दोन्हीकडे सारखंच जास्त आहे याचा फायदा इतकाच की गाडी दोन्हीकडून सारखीच अडते.

सगळं खोलायची गरज नाही. शॉकअप गाडीवरून उतरवा, पण तळाचा बोल्ट सोडू नका. पुढचं चाक अधांतरी येईल असा गाडीला पक्का आधार द्या. वरच्या प्लेटचा आवळणारा बोल्ट सैल करा आणि मगच वरची टोपी एक आटा ढिली करा. शॉकअप हातात आल्यावर ती टोपी फिरवायला गेलात तर पाईप नुसता गोल फिरत राहील. उतरवल्यावर टोपी पूर्ण काढताना ती तळहाताने खाली दाबून धरा आणि तोंड बाजूला ठेवा; खाली स्प्रिंग दबून बसलेली आहे. स्प्रिंग सावकाश वर ओढा, निथळू द्या, आणि लांब नळी लावलेल्या सिरिंजने ऑइल उपसा. पन्नास उपसून थांबू नका, पातळी मोजून थांबा. ती कशी मोजायची ते पुढच्या एका पत्रात आलंय.

सीलचं म्हणाल तर आधी ऑइल बरोबर करा, पाईप पुसून कोरडा करा आणि चार दिवस चालवून पाहा. दाब उतरल्यावर कधी कधी पाझर थांबतो. नाही थांबला तर सीलची कड गेली, बदला. मात्र त्याआधी ब्रेकची डिस्क आणि पॅड बघा. त्यांवर ऑइल गेलं असेल तर ते निस्तरेपर्यंत गाडी बाहेर काढू नका.

आणि काट्यावर राग काढू नका. तोलून भरणं ही उलट सगळ्यात स्वच्छ पद्धत आहे, फक्त घनता माहीत हवी. ती बरेचदा ऑइलच्या माहितीपत्रकात असते. नसेल तर मोठी सिरिंज रिकामी तोला, ५० मिलि ऑइल ओढून पुन्हा तोला. ४३ ग्रॅम वाढले तर घनता ०.८६. मग ३१० ला ०.८६ ने गुणा: २६७ ग्रॅम. भरताना शॉकअप तोलत बसायचं नाही, ऑइलचा डबा काट्यावर ठेवायचा आणि तो २६७ ग्रॅमने हलका होईपर्यंत ओतायचं. भांड्याला चिकटून किती राहिलं हा प्रश्नच मिटतो.

“सर, जुनं ऑइल काढून मोजलं. डावीकडून १२८ मिलि, उजवीकडून १५१. मॅन्युअलमध्ये दोन आकडे आहेत, १७० आणि १८५. या चारांपैकी खरा कोणता?”

(‘सर’ नाही, पण चालेल.)

१२८ आणि १५१ हे भरायचे आकडे नव्हेत. आजवर सीलमधून किती गेलं आणि मागच्या खेपेला कुणी किती भरलं, एवढंच ते सांगतात. डावीकडे काहीतरी गळतंय किंवा मागे कमी पडलं होतं. डाव्या बाजूची धुळीची टोपी, म्हणजे डस्ट सील, उचलून खाली ओलं आहे का ते बघा.

मी स्वतः पहिल्यांदा हीच चूक केली होती. ‘जितकं निघालं तितकं घाला’ असं कुणीतरी सांगितलं, तर्क बिनतोड वाटला. निघालं होतं ते गळून गळून उरलेलं, आणि मी तेच माप इमानाने परत भरलं. गाडी ब्रेक दाबला की तोंडावर पडायची, आणि खड्ड्यावरून उतरताना पुढून ‘टक्’ असा आवाज. मी तो कोनसेटचा, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगचा, समजले आणि हँडलखालचा चांगला कोनसेट बदलून टाकला. आवाज तसाच. ऑइल कमी असलं की हवा आणि ऑइल घुसळून फेस होतो, आणि ज्या बारीक छिद्रांतून ऑइल जाताना शॉकअप आवरला जातो, त्यांतून फेस गेला तर शॉकअपला आवरणारं कुणी उरत नाही. हे मला त्यानंतर कळलं.

आता मॅन्युअलमधले दोन आकडे. १८५ हा शॉकअप पूर्ण खोलून, धुऊन, कोरडा करून जोडल्यावर भरायचा. १७० हा नुसतं ऑइल उपडं करून काढल्यावर. मधले १५ मिलि कुठे जात नाहीत. स्प्रिंगच्या वेटोळ्यांना, डॅम्पर रॉडच्या (आतल्या छिद्रांच्या नळीच्या) आत आणि तळाशी चिकटून राहतात. शॉकअप रात्रभर उलटा टांगला तरी थोडं आत राहतंच. तुम्ही खोललं नसेल तर १७० च्या आसपास भरा. ‘आसपास’ म्हणते, कारण तुमच्या शॉकअपमध्ये नेमकं किती चिकटून राहिलं हे मॅन्युअलला कसं कळणार? शेवटचा निकाल पातळीचा. आत दोन थेंब राहिलेले असोत की वीस मिलि, पातळी ते सगळं धरूनच दिसते.

मॅन्युअलमध्ये पातळी दिलेलीच नसेल तर एक युक्ती. सील बदलायला कधीतरी शॉकअप पूर्ण खोलावा लागणारच. त्या वेळी कोरड्या शॉकअपमध्ये मोजून १८५ घाला, हवा काढा, पातळी मोजा आणि वहीत लिहा. पुढच्या प्रत्येक खेपेला तीच पातळी धरायची. माझ्या एका गाडीचा आकडा असाच मिळवलेला आहे.

“पातळी मोजायला मी लाकडी पट्टी आत घालतो, विहिरीचं पाणी मोजतात तशी. प्रत्येक वेळी वेगळा आकडा येतो. एकदा १३०, लगेच १२२. पट्टी खराब की मी?”

दोघंही नाही. पाईपची आतली बाजू ऑइलने माखलेली असते. पट्टी जाता-येता भिंतीला घासते आणि पातळीच्या वर ओली होते. शिवाय लाकूड ऑइल वर शोषून घेतं. बुडवून मोजायची पद्धतच इथे फसवी आहे. त्यापेक्षा जास्त भरून जादा उपसायचं. हे हत्यार तयार मिळतं, पण घरी करायला पंधरा मिनिटं लागतात.

एक मोठी सिरिंज, तिच्या तोंडाला घट्ट बसेल अशी लवचिक नळी, आणि त्या नळीच्या टोकाला वीतभर लांब, ताठ, बारीक धातूची नळी. या ताठ नळीवर एक आडवी पट्टी बसवायची. मी जाड प्लॅस्टिकच्या तुकड्याला घट्ट भोक पाडून ती ओवली आहे, जोर लावला तरच सरकते. मॅन्युअलने १५० मिमी सांगितलं असेल तर आडव्या पट्टीच्या खालच्या कडेपासून नळीच्या टोकापर्यंत १५० मिमी भरेल अशी ती सरकवा. मग पट्टी पाईपच्या तोंडावर टेकवा आणि सिरिंज ओढा. टोकाच्या वरचं सगळं ऑइल वर येईल, पातळी टोकापर्यंत उतरली की सुर्र आवाज करून हवा यायला लागेल. थांबा. झालं. सिरिंज पहिल्यापासून नुसती हवाच ओढत असेल तर ऑइल कमी पडलंय. थोडं घाला आणि पुन्हा ओढा.

पण हत्यारापेक्षा महत्त्वाच्या तीन गोष्टी आहेत, आणि तुमचे १३० आणि १२२ बहुधा त्यांतल्याच एकीमुळे आले.

पहिली, स्प्रिंग बाहेर आणि पाईप पूर्ण खाली दाबलेला. बहुतेक मॅन्युअल असंच मोजायला सांगतात, तरी तुमचं काय म्हणतं ते वाचा. वरच्या हिशेबात स्प्रिंगने एकटीने ४५ मिलि जागा खाल्ली होती. स्प्रिंग आत ठेवून पातळी जमवलीत तर ऑइल बरंच कमी पडेल. मोजायचं ते आतल्या पाईपच्या वरच्या कडेपासून. टोपीपासून नाही, वरच्या प्लेटपासूनही नाही.

दुसरी, हवा. ऑइल ओतल्यावर पाईप हळूहळू वरखाली करा, आठ-दहा वेळा. सुरुवातीला हाताला मध्येच पोकळ लागतं, मग पूर्ण चालीत एकसारखा विरोध लागायला लागतो. जोरात हापसू नका, फेस होईल. मग शॉकअप उभा ठेवून दहा-पंधरा मिनिटं दुसरं काही करा. बुडबुडे सावकाश वर येतात आणि पातळी उतरते. तुमचे ८ मिमी माझ्या मते इथेच गेले. ज्यांच्या शॉकअपमध्ये आत काडतुसासारखा वेगळा डॅम्पर आहे, त्यांनी त्याचा रॉडही वरखाली करायचा. त्यातली हवा जास्त चिवट असते.

तिसरी, शॉकअप सरळ उभा. भिंतीला टेकवून ठेवलेला शॉकअप दहा अंश सहज कलतो. ३३ मिमीच्या नळीत दहा अंश कलल्यावर ऑइलच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जवळजवळ ६ मिमीचा फरक पडतो. नळीचं टोक कोणत्या बाजूला लागलं त्यावर आकडा ठरणार. व्हाइसमध्ये धरणार असाल तर कापड गुंडाळून, आणि बॉटमला, म्हणजे बाहेरच्या खालच्या नळीला, धरा. आतल्या पाईपला व्हाइसचा दात लागला तर नवं सील कितीही चांगलं बसवा, गळणारच.

“स्वयंपाकघरातल्या मापट्याने मोजलं तर चालेल का?”

मापटं रुंद असतं. ८ सेंटीमीटर व्यासाच्या मापट्यात पातळी एक मिलिमीटर चुकली की ५ मिलि गेले. ३ सेंटीमीटरच्या उभ्या मोजपात्रात तेवढ्याच चुकीला एक मिलिसुद्धा जात नाही. म्हणून अरुंद आणि उंच भांडं घ्या, सपाट जागी ठेवा, डोळे ऑइलच्या रेषेत आणा आणि वक्र पृष्ठभागाचा खालचा तळ वाचा. वरून वाकून बघितलं की आकडा बदलतो. मुलं हे बारावीच्या परीक्षेच्या दिवशीसुद्धा विसरायची, तेव्हा तुम्ही विसरलात तर मी काही म्हणणार नाही.

भांड्यावरच्या रेघांवर आंधळा विश्वास नको. ते काट्यावर ठेवून शंभरच्या रेघेपर्यंत पाणी भरा. शंभर ग्रॅमच्या आसपास भरलं पाहिजे. माझ्या एका प्लॅस्टिकच्या भांड्याची शंभरची रेघ ९४ वर निघाली. मग भांडं अगदी कोरडं करा, शॉकअपमध्ये पाणी नको. आणि एकदा ऑइलला वापरलेलं भांडं स्वयंपाकघरात परत जाणार नाही, हे घरातल्यांना आधी सांगून ठेवा.

“जुन्या गाडीचं इंग्रजी मॅन्युअल आहे. त्यात ६ औंस लिहिलंय. मिलि किती?”

मॅन्युअल कुठलं त्यावर आहे. अमेरिकी द्रव औंस २९.५७ मिलिचा, ब्रिटिश २८.४१ चा. सहा औंस म्हणजे एकीकडे १७७ आणि दुसरीकडे १७०. आकड्याशेजारी सीसी दिलं असेल तर तेच घ्या. सीसी आणि मिलि एकच.

“ऑइल थंडीत मोजावं की उन्हात? गरम झाल्यावर पसरतं ना?”

पसरतं, पण २० अंशांच्या फरकाला ३१० मिलिमागे चारेक मिलि. सावलीत, खोलीच्या तापमानाला मोजा आणि विसरून जा. डबा उन्हात तापत ठेवला नसला म्हणजे झालं.

“माझं वजन जास्त आहे आणि गाडी ब्रेक मारताना पुढून फार झुकते. मित्र म्हणतो २० मिलि जादा घाल, दुसरा म्हणतो १० ऐवजी जास्त जाड, १५ डब्ल्यू ऑइल घाल. कुणाचं ऐकू?”

आधी मॅन्युअलचं. सध्या आत काय आणि किती आहे हे माहीत नसताना त्यात भर घालणं म्हणजे मीठ चाखल्याशिवाय वरून मीठ घालणं. जुनं काढा, सांगितलेलं ऑइल सांगितलेल्या पातळीला भरा आणि चालवा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

त्यानंतरही झुकत असेल तर तुमचे मित्र दोन वेगळ्या रोगांवरची औषधं सांगतायत. जादा ऑइलने फक्त चालीचा शेवट कडक होतो. गाडी तळाला आपटत असेल तर पातळी ५ मिमीने वर आणून बघा, एका वेळी तेवढंच. जाड ऑइलने शॉकअपचा वेग मंदावतो. गाडी झुकेल तेवढीच, पण सावकाश, आणि परतेलही सावकाश. पाठोपाठच्या खड्ड्यांत ती परतायच्या आतच पुढचा खड्डा येतो, आणि मग हात सुन्न होतात. तुमच्या वजनाला उत्तर स्प्रिंगचं आहे: आधी प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच थोडी दाबून बसवणं, पुरलं नाही तर जास्त कडक स्प्रिंग.

जाता जाता: डब्यावरच्या ‘१० डब्ल्यू’वर फार विसंबू नका. फोर्क ऑइलच्या बाबतीत हा आकडा कंपनीगणिक वेगळ्या जाडीचा निघतो. माहितीपत्रकात ४० अंशांना जाडी किती सेंटीस्टोक हे दिलेलं असतं, तुलना त्याची करा. दोन कंपन्यांची ‘१०’ शेजारी ठेवून वाचलीत तर गंमत वाटेल.

“खाली ड्रेनचा स्क्रू आहे. शॉकअप न उतरवता बदलता येईल ना?”

येईल. पण तळाचा गाळ तळाशीच राहतो, किती ऑइल आत उरलं ते कळत नाही, आणि पातळी मोजायला दोन्ही स्प्रिंगा काढून गाडी पुढून खाली आणावी लागते, ती आधाराशिवाय धप्पकन बसते. वेळ नसताना मधल्या एखाद्या बदलाला ठीक. पहिल्या खेपेला उतरवाच. स्क्रू काढताना ब्रेकच्या डिस्कवर जाड कापड टाका, धार कुठे जाईल सांगता येत नाही.

“ताई, राग नसावा. आमचे मिस्तरी गेली कित्येक वर्षं डोळ्यांनी अंदाज घेऊन ऑइल भरतात. सिरिंज नाही, काटा नाही. एकही गाडी परत आली नाही. तुमचं लिखाण वाचून मी माझ्या गाडीचे शॉकअप मुद्दाम उघडून मोजले, त्यांनीच भरलेले. पातळी डावीकडे १४६ मिमी आणि उजवीकडे १५२, मॅन्युअलमध्ये १५०. आता बोला.”

राग कशाचा, मिस्तरींना नमस्कार सांगा. एकाच जातीच्या गाड्या हजारदा हाताळल्या की हातच मोजपात्र होतो, हे मी नाकारत नाही. आमच्या प्रयोगशाळेतले एक शिपाई रिकाम्या बाटलीत डोळ्यांनी अडीचशे मिलि पाणी भरायचे आणि मी मोजून पाहिलं की तीन-चार मिलिच्या आत असायचं. पण तुम्ही आणि मी हे काम दोन-तीन वर्षांतून एकदा करतो. आपला हात तयार व्हायला हजार वर्षं लागतील.

तुमच्या आकड्यांचं म्हणाल तर चालेल. काही मॅन्युअल अडीच मिलि इकडेतिकडे चालतं असं लिहितात. अशा नळीत एक मिलिमीटर म्हणजे साधारण एक मिलि, तेव्हा दोन्ही बाजू त्या मर्यादेच्या जवळपास आहेत. गाडीवर बसून हा फरक मला तरी कळणार नाही. पण शॉकअप उघडलेच आहेत तर दोन्हीकडे १५० करून टाका, दोन मिनिटांचं काम आहे. अपवाद एकच: काही नव्या गाड्यांत स्प्रिंग एका बाजूला आणि ऑइलची छिद्रं दुसऱ्या बाजूला असतात, तिथे दोन्हीकडचे आकडे मुळातच वेगळे असतात. तिथे हौसेने सारखं करायला जाऊ नका.

आणि करून झालं की वहीत लिहा: तारीख, किलोमीटर, कोणतं ऑइल, डावी पातळी, उजवी पातळी. माझ्या वहीतली सिरिंज वापरून केलेली पहिली नोंद अशी आहे: ‘डावा १५०. उजवा १५०. ऑइल पुरलं. उजव्याची स्प्रिंग टेबलावरच राहिली. परत उघडला.’